फोर्टातल्या जुन्या इमारतीत नवं ऑफिस घेताना

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

उपशीर्षकं आणि डबिंगच्या संहिता करणारी आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, भागभांडवल दहा लाख. ठाण्यात एका गाळ्यात आम्ही चोवीस जण दाटीवाटीनं बसतो. मोठी जागा शोधताना फोर्टात, दादाभाई नौरोजी रस्त्यामागच्या एका गल्लीत, जुन्या दगडी इमारतीचा दुसरा मजला पाहिला आणि जीव अडकला. इमारत एका धर्मादाय ट्रस्टची आहे. एका कंपनीनं ती लांब मुदतीच्या लीजवर घेऊन दुरुस्त केली आणि आता ती मजले ऑफिसांना देते. सागाच्या तुळया, रंगीत जुन्या फरशा, कमानीच्या खिडक्या, शिवाय नवं एसी, फायबर, पँट्री. तळमजल्यावर मात्र काही जुने भाडेकरू आहेत.

१,९०० चौरस फूट, दर १९० रुपये, म्हणजे महिन्याला ३ लाख ६१ हजार आणि वर जीएसटी. सहा महिन्यांचं डिपॉझिट, पाच वर्षांचं लीव्ह अँड लायसन्स, दरवर्षी ५ टक्के वाढ, तीन वर्षांचा लॉक-इन (त्याआधी जागा सोडता येत नाही), कॅम म्हणजे सामायिक देखभालीचा खर्च वेगळा. मी फीत घेऊन मोजलं तर कार्पेट १,२३५ भरलं, त्यात २६० चा पोटमाळा आहे. आम्हाला एक रेकॉर्डिंग बूथही बांधायचा आहे. भागीदार म्हणतो, जुन्या इमारतीच्या नादी लागू नकोस, अंधेरीत काचेच्या टॉवरमध्ये जाऊ. माझे बाबा आयुष्यभर फोर्टात कारकून होते, त्यामुळे माझं मन तिकडे ओढ घेतं हे कबूल करते. ब्रोकर टोकनसाठी घाई करतोय आणि म्हणतो, 'भाडे नियंत्रण कायदा तुमच्याच बाजूनं आहे, काय घाबरता?' काय करू?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

नमस्कार,

टोकन देऊ नका. जागा सोडूही नका. तुम्ही फीत घेऊन गेलात हे वाचून बरं वाटलं. बहुतेक लोक अशा इमारतीत मान वर करून तुळया बघतात आणि खाली येऊन सही करतात.

आधी ब्रोकरच्या वाक्याचा निकाल लावू. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूला संरक्षण देतो हे खरं. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्यांना तो लागू नाही आणि तुमचं दहा लाख आहे, तेव्हा वरवर पाहता ब्रोकर म्हणतो ते बरोबर वाटतं. पण तुम्ही भाडेकरू होणारच नाही आहात. लीव्ह अँड लायसन्समध्ये तुम्हाला जागा वापरायची फक्त परवानगी मिळते, ताब्यातला हक्क मिळत नाही. मुदत संपली की निघायचं. वाद झाला तर तो लघुवाद न्यायालयात जाईल, पण भाडेकरू म्हणून नाही, लायसन्सी म्हणून. त्यामुळे तुमचं सगळं संरक्षण करारात जे लिहिलं असेल तेवढंच. म्हणूनच या पत्रात मी कमानींपेक्षा कलमांबद्दल जास्त बोलणार आहे.

सगळ्यात मोठा प्रश्न तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलात : इमारत ट्रस्टची, लीज कंपनीकडे, लायसन्स तुम्हाला. ही तीन कड्यांची साखळी आहे आणि तुम्ही शेवटच्या कडीला लटकणार आहात. सार्वजनिक ट्रस्टच्या इमारतीचं तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं लीज धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ३६ तसं स्पष्ट सांगतं. तेव्हा कंपनीकडे तो मंजुरीचा आदेश मागा. 'आहे, आहे, वकिलांकडे आहे' असं उत्तर आलं तर वकिलांकडून मागवा. मूळ लीजची नोंदणी झाली आहे का, हे दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढून बघा. मग ते लीज स्वतः वाचा, किंवा तुमच्या वकिलाला वाचायला लावा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या. कंपनीला पुढे दुसऱ्याला जागा द्यायचा अधिकार आहे का? लीजची उरलेली मुदत तुमच्या साठ महिन्यांपेक्षा जास्त आहे का? आणि कंपनीनं ट्रस्टचं भाडं थकवलं तर ट्रस्ट काय करू शकतो? या तिसऱ्या गोष्टीकडे लोक बघत नाहीत. तुम्ही दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे भरत असाल आणि वरची कडी तुटली, तर तुमच्या पावत्या हातात घेऊन तुम्ही रस्त्यावर. यावर उपाय आहे : ट्रस्टचं संमतिपत्र घ्या, ज्यात ट्रस्ट लिहून देईल की कंपनीचं लीज संपुष्टात आलं तरी तुमचं लायसन्स त्याच अटींवर उरलेली मुदत चालू राहील. ट्रस्ट देईल का? चांगला ट्रस्ट देतो. नाही दिलं तर निदान सहा महिन्यांचं डिपॉझिट तीनवर आणा, कारण ते पैसे कंपनीकडे अडकणार आहेत, ट्रस्टकडे नाहीत.

याच ओघात प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमिनीच्या मालकीचा उताराही काढा. फोर्ट आणि आसपासच्या भागात जमीन एकाची आणि इमारत दुसऱ्याची असणं नवं नाही. बॅलार्ड इस्टेट तर अख्खी पोर्ट ट्रस्टनं वसवलेली. तुमच्या इमारतीखालची जमीन सरकारची किंवा महापालिकेची भाडेपट्ट्यावरची निघाली, तर चौथी कडीही आहे असं समजा आणि त्या पट्ट्याची मुदतही तपासा.

आता तुमची फीत. १,९०० च्या हिशेबानं दर १९० वाटतो. पण तुम्ही प्रत्यक्ष वापरणार १,२३५, म्हणजे दर २९२ रुपये झाला. या शहरात लोडिंग, म्हणजे वापरातल्या जागेवर चढवलेलं जादा क्षेत्रफळ, सगळीकडेच लावतात, जुन्या इमारतींत दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीही त्यात जातात, त्यावर मी रडत बसणार नाही. पोटमाळ्यावर मात्र बसेन. फोर्टातल्या जुन्या मजल्यांची छतं उंच असतात आणि त्या उंचीत मधे एक माळा टाकून क्षेत्रफळ वाढवायची इथली जुनी खोड आहे. त्यातले किती माळे मंजूर नकाशात असतात, हे महापालिकेच्या नोटिशी वाचणाऱ्याला ठाऊक. मंजूर नकाशाची प्रत मागा आणि त्यात तो २६० चौरस फुटांचा माळा त्याच मापाचा दाखवला आहे का, ते बघा. नसेल तर तो क्षेत्रफळातून वजा करून घ्या. तेव्हा उरतात ९७५ चौरस फूट, आणि ३ लाख ६१ हजारांना भाग दिलात तर दर ३७० रुपये. चोवीस जणांना माणशी चाळीस चौरस फूट, त्यातूनच बूथ, पँट्री आणि मीटिंगची खोली. ठाण्यातल्या दाटीवाटीला तुम्ही कंटाळला आहात ना? मग ही बेरीज भागीदारासमोर बसून करा. माळा बेकायदा असेल आणि उद्या तो काढायची नोटीस आली, तर तेवढ्या प्रमाणात शुल्क आपोआप कमी होईल, हे कलमही हवं.

बूथबद्दल मला खरी काळजी वाटते. ऑफिसच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण अडीचशे किलोचा भार धरून डिझाइन करायचा आजचा संकेत आहे. सागाच्या तुळयांवरची शंभर वर्षांपूर्वीची लाकडी जमीन अशा कोणत्याही संकेतानं बांधलेली नसते. ती बहुधा दणकट असते, पण 'बहुधा' या शब्दावर दीड टन ठेवायचं नसतं. दुपदरी जिप्सम, जाड काच, ध्वनिरोधक लोकर, वजनदार दार हे सगळं मिळून सहा बाय आठ फुटांचा बूथ सहज दीड टनात जातो, म्हणजे चौरस मीटरला सव्वातीनशे किलोच्या वर, आणि आतली माणसं, टेबल, यंत्रं वेगळी. तुळईचा मधला भाग कितीही देखणा असला तरी ती सडते ती टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते. कारण पावसाळ्याची ओल तिथे साचते आणि तिथे कोणी बघत नाही. दुरुस्ती करताना ती टोकं उघडून बघितली होती का, हे कंपनीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. इमारत तीस वर्षांहून जुनी असल्यानं महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली तिची तपासणी होऊन प्रमाणपत्र असायलाच हवं. ते मागा, त्याची तारीख बघा, आणि तुमच्या बूथच्या नेमक्या जागेसाठी इंजिनिअरकडून वेगळं पत्र घ्या. साधारण सल्ला असा की बूथ खोलीच्या मधोमध नको, भार वाहणाऱ्या भिंतीलगत ठेवा. काही इमारतींत लाकडाऐवजी लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या छोट्या कमानी असतात. तशी असेल तर गर्डरचा गंज बघायचा. फॉल्स सीलिंग लावून कोणी हे सगळं झाकलं असेल तर एक फळी काढून दाखवायला सांगा, लाजू नका.

लाकडी जमिनीचा दुसरा त्रास तुमच्या धंद्यालाच होणार. वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली की खाली ध्वनिमुद्रणात येते. बूथची जमीन रबराच्या पॅडवर तरंगती ठेवावी लागेल. खिडक्या बंद केल्या तरी गल्लीतले हॉर्न येतील, आणि तुमचा ध्वनितज्ज्ञ लगेच म्हणेल, काच बदला. इथे थांबा.

मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची यादी आणि नियम आहेत. इमारत कोणत्या श्रेणीत आहे, यावर तुम्ही काय करू शकता ते ठरतं. पहिल्या श्रेणीत बाहेरून आणि आतूनही हात लावायला जवळजवळ मनाई. दोन-अ मध्ये आतले बदल कडक छाननीनंतर होऊ शकतात. दोन-ब आणि तीनमध्ये मोकळीक वाढत जाते. पण दर्शनी भागाची खिडकी बदलायची म्हणजे हेरिटेज कमिटीकडे जाणं आलंच, आणि ते काम लायसन्सी म्हणून तुम्हाला करता येणार नाही, मालकानंच करायचं. त्यामुळे जुनी सागाची खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूनं दुसरी काचेची चौकट बसवा. ती जाताना काढून नेता येते, कोणाला दुखावत नाही आणि आवाजही चांगला अडवते. एसीची बाहेरची युनिट्स दर्शनी भिंतीवर नकोत. ती मागच्या चौकात कुठे बसवली आहेत आणि तिथली जागा तुमच्या वाढीव एसीला पुरेल का, हे बघा. पाटीचंही तेच. दादाभाई नौरोजी रस्त्यावर पाट्यांना शिस्त लावायचं काम संवर्धन वास्तुविशारदांनी आणि दुकानदारांनी मिळून केलेलं आहे. तुमच्या गल्लीत कोणती पाटी चालेल, तिचं माप आणि जागा करारातच लिहून घ्या.

(ब्रोकरच्या माहितीपत्रकात 'युनेस्को' हा शब्द असेलच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये आणि ओव्हल मैदानाभोवतीचा गॉथिक-आर्ट डेको समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आला, ही अभिमानाचीच गोष्ट. ती दरात मिसळलेली असते, तुमच्या करारात तिचा उपयोग शून्य.)

आतल्या भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या असतील तर त्यांच्यावर प्लास्टिक पेंट नको, सिमेंटची डागडुजी नको. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, आणि दोन पावसाळ्यांत भिंत फुगते. भिंत खोदून वायर नेऊ नका, पार्टिशन जमिनीवर उभी असणारी घ्या. आणि ताबा घ्यायच्या दिवशी प्रत्येक फरशीचे, प्रत्येक कमानीचे फोटो काढून दोघांच्या सह्या करून करारासोबत जोडा. जाताना 'जागा पूर्ववत करून द्यावी' असं कलम असतंच. ते जुन्या रंगीत फरशीला लागू झालं तर एका तड्यासाठी डिपॉझिटचा लचका तोडला जाईल. ती फरशी आज बाजारात मिळत नाही, आणि नवी करून घ्यायची तर भाव करणाऱ्याच्या मर्जीवर.

कॅम हा तुमच्या पत्रातला दुसरा उरकलेला शब्द. तळमजल्यावर जुने भाडेकरू आहेत म्हणता. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधली, आणि त्या गोठलेल्या भाड्यांची सावली पागडीच्या इमारतींवर अजून आहे. ते लोक महिन्याला देतात ती रक्कम तुमच्या एका दिवसाच्या शुल्काइतकीही नसेल, आणि लिफ्ट, सुरक्षा, जनरेटर यांच्या खर्चात ते वाटा देतील अशी आशा ठेवू नका. मग तो खर्च कोणावर येतो? नव्या लायसन्सींवर. म्हणून कॅमचा दर विचारून थांबू नका. एकूण खर्च किती, तो किती क्षेत्रफळावर वाटला, त्यात जुन्या भाडेकरूंचं क्षेत्रफळ धरलं आहे की नाही, ते विचारा. इमारतीचे दोन मजले रिकामे राहिले तर त्यांचा वाटा कंपनी भरणार की तुम्ही? वर्षाला कॅम किती वाढू शकतो याला मर्यादा घाला. आणि दर्शनी भागाची, छपराची, तुळयांची दुरुस्ती कॅममध्ये येता कामा नये. ती मालकाची.

इथेच लॉक-इनची गाठ आहे. तीन वर्षं तुम्ही हलू शकत नाही, पण इमारत हलली तर? काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन आठवा, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, बिडाच्या सांगाड्याची इमारत. १८९६ मध्ये मुंबईनं पहिल्यांदा चित्रपट पाहिला तो तिथे. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला, २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली, आणि तिथे वर्षानुवर्षं दफ्तरं थाटलेल्या वकिलांनाही बाहेर पडावं लागलं. तुमची इमारत तशी नाही, दुरुस्त झालेली आहे, हे मान्य. तरी कलम हवंच : महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली, मोठ्या दुरुस्तीसाठी मजला वापरता येईना, किंवा परवानगीतल्या त्रुटीमुळे काम थांबलं, तर शुल्क त्या दिवसापासून बंद, साठ दिवसांत परिस्थिती सुधारली नाही तर लॉक-इन रद्द आणि डिपॉझिट परत. परांचीबद्दलही लिहून घ्या. दगडी दर्शनी भाग स्वच्छ करायला घेतला की महिनोन्‌महिने बांबू आणि हिरवं कापड तुमच्या कमानीच्या खिडक्यांवर असतं, ज्यांच्यासाठी तुम्ही १९० रुपये मोजता. त्या काळात सूट मागण्यात गैर काही नाही.

आगीचा विषय जुन्या लाकडी इमारतीत चेष्टेचा नाही. जिना एकच आहे का? लाकडी आहे का? २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर व्हायला हवा. शेवटचे दोन मागा. तुमची मंडळी रात्रीच्या पाळीत काम करत असतील तर गेट किती वाजता बंद होतं, लिफ्ट रात्री चालू असते का, दुसऱ्या जिन्याला कुलूप असतं का, हे चौकीदाराला विचारा, ब्रोकरला नको. आणि विमा कंपनीकडून प्रीमियमचा आकडा आत्ताच घ्या. लाकडी जमीन आणि ध्वनिरोधक लोकर ऐकून काही कंपन्या भुवया उंचावतात.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. बेस्टकडून मंजूर लोड किती किलोवॅट आहे आणि त्यातला तुमच्या मजल्याचा किती, ते लेखी घ्या. मुद्रांक शुल्क साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्सवर ०.२५ टक्के आहे. तुमचं पाच वर्षांचं वाढीसकट शुल्क आणि डिपॉझिटवरचं १० टक्क्यांचं गृहीत व्याज धरून ते साडेबासष्ट हजारांच्या आसपास येईल. नोंदणी टाळू नका, 'नोटरी पुरे' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. जीएसटी १८ टक्के भरावा लागेल, पण तुमची नोंदणी आहे तर त्याचं क्रेडिट मिळतं. टीडीएस १० टक्के कापायला विसरू नका. पार्किंग नसेल, नसूच दे. मेट्रो तीन २०२५ च्या ऑक्टोबरपासून कफ परेडपर्यंत धावते, हुतात्मा चौकाचं स्थानक तुमच्या गल्लीपासून चालत काही मिनिटांवर आहे, आणि ठाण्याहून येणाऱ्यांना सीएसएमटी थेट आहे. अंधेरीतला टॉवर तुमच्या ठाण्याच्या लोकांना घाटकोपरला गाडी बदलायला लावेल. भागीदाराला हे जरूर ऐकवा.

पण भागीदाराचं अर्धं बरोबर आहे. त्या टॉवरमध्ये बूथ ठेवायला कोणाला विचारावं लागणार नाही, खिडकी बदलायचा प्रश्नच येणार नाही, आणि मालकी एकाच माणसाची असेल. तुमचं काम ध्वनिमुद्रणावर जास्त अवलंबून असेल तर मी अंधेरीकडे झुकेन. लिखाण, भाषांतर, संपादन यावर जास्त असेल आणि बूथ आठवड्यातून दोनदा लागत असेल, तर फोर्ट घ्या आणि बूथ बाहेर, तासावर भाड्यानं घ्या. हा हिशेब तुम्ही दोघांनी कधी केला आहे असं पत्रावरून वाटत नाही. बाबांच्या नोकरीचं ओझं मनावर घेऊ नका. त्यांचं फोर्टवर प्रेम असेल, पण लॉक-इन त्यांना नव्हता.

या आठवड्यात ब्रोकरला चार कागद मागणारा मेल टाका : धर्मादाय आयुक्तांचा आदेश, नोंदणीकृत मूळ लीज, हेरिटेज परवानगीसह मंजूर नकाशा, आणि संरचना तपासणीचं प्रमाणपत्र. पहिले दोन आले तर ध्वनितज्ज्ञाला आणि इंजिनिअरला एकाच दिवशी जागेवर न्या. त्यांचं एकमेकांशी जमलं की मग टोकन. तेही 'करार न झाल्यास पूर्ण परत' असं लिहून, चेकनं, कंपनीच्या नावे. ब्रोकरच्या नाही.